दशांश आठ

एका बसला लागतात एक पूर्णांक आठ चालक.
साप्ताहिक सुट्टी, आजारपण, वार्षिक रजा,
रमजानमधल्या तुटक पाळ्या,
वादीला पूर आला की पलीकडे अडकणारे दोघेतिघे,
हे सगळं मिळवून, भागून मी हा आकडा काढला
आणि मस्कतच्या डेपोत, एसीच्या खडखडाटाखाली,
पुढच्या पाच वर्षांच्या तक्त्यात
ओढत ओढत खालपर्यंत नेला.

शौकत परकार खिडकीशी उभे राहून तक्ता वाचायचे.
"मॅडम, हा दशांश आठ माणूस दिसतो कसा?"
मग स्वतःच, "मीच की.
उरलेला दशांश दोन भरणे नाक्यावर ठेवलाय.
दोन वर्षांनी एकदा जातो, बघून येतो."

एसटीत अकरा वर्षं, कशेडी घाट.
इथे सतरा, त्यातली शेवटची सहा प्रशिक्षक म्हणून.
माझ्या तक्त्यात ते ओळ क्रमांक चाळीस.
शेजारच्या रकान्यात: पद स्थानिक उमेदवाराकडे.
त्याच्या शेजारी तारीख.
ती मीच टाकलेली, नऊच्या टायपात.

ओळ चाळीसला जोडलेली शम्सा अल-हिनाइया,
वय चोवीस, गाव बहला.
बापाच्या पिकअपमध्ये बकऱ्या भरून
तेराव्या वर्षीच गाडी शिकली
(हे फॉर्मवर नव्हतं, तिनेच हसत सांगितलं).
परकारांनी तिला नापास केलं.
महिन्याने पुन्हा नापास.

डेपोत कुजबुज.
मलाही वाटलं, लपवत नाही,
म्हातारा खुर्ची धरून बसलाय.
साहेब म्हणाले, आराखडा मागे पडतोय, जाऊन बघा.

म्हणून तिसऱ्या चाचणीला मी मागच्या सीटवर.
बारा मीटरची बस, माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या,
पुढे डॅशबोर्डवर करक चहाचा कागदी ग्लास,
काठोकाठ.
आमरातच्या उतारावर डोंगर एकदम पायाखालून निघतो
आणि खाली शहर, मीठ सांडावं तसं पांढरं.
परकारांनी डोळे मिटले.
झोपले की काय!
नाही. अरबी, उर्दू आणि कोकणीच्या त्यांच्या खिचडीत
हळूच म्हणाले,
ब्रेक सगळ्यात शेवटी. आधी ऐक.
गाडी कण्हायला लागली की सांग मला.

तिने ऐकलं. बराच वेळ
बसमध्ये फक्त इंजिन बोलत होतं.
मग एका वळणाआधी ती म्हणाली, "आत्ता."
त्यांनी डोळे उघडले नाहीत, मान हलवली.

खाली उतरल्यावर मला बाजूला घेऊन:
"पोरगी घाबरत नव्हती, हीच पंचाईत होती.
बकरी पडली तर उठते, मॅडम.
पंचावन्न माणसं..."
पुढचं बोलले नाहीत.
ग्लास उचलला, गार चहा एका घोटात संपवला
आणि बसच्या दारावर फॉर्म टेकवून सही केली,
लफ्फेदार,
एसटीच्या हजेरीपटावर करत असतील तशी.

त्या रात्री मी तक्त्यात एक नवा रकाना घातला.
नाव सुचेना. "उतार" लिहिलं.
साहेब म्हणाले, काढा, हे मोजता येत नाही.
काढला नाही. लपवलाय.
तशी सोय असते:
रकाना असतो, दिसत नाही,
बेरजेत धरला जात नाही.

परकार ऑगस्टात गेले.
ओळ चाळीसवर आता शम्सा.
पहिल्या तुकडीच्या पहिल्या दिवशी
ती टपरीवर भांडली म्हणे,
ग्लास अर्धाच का भरला म्हणून.

परवा भरणे नाक्यावरून फोन.
मागे ट्रकचे हॉर्न, कोणाचं तरी पोर रडत होतं.
"मॅडम, पूर्ण एक झालो बघा आता."
थोडं थांबून,
"सकाळी साडेतीनला जाग येते.
काय करू तेच कळत नाय."